फ्लिंटलॉकसाठी काळी पावडर मिळत नाही : घरी करावी, की आहे ती पुरवावी?

प्रश्न : चकमक_पीए

नमस्कार मंडळी. पेन्सिल्वेनियातला फ्लिंटलॉकचा, म्हणजे चकमकीच्या ठिणगीने पेटणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा, शिकारीचा हंगाम २६ डिसेंबरला सुरू होतो आणि जवळपासच्या दुकानांत खरी काळी पावडर (बंदुकीची जुनी दारू) नाही. फळीवर फक्त पायरोडेक्स आणि ट्रिपल सेव्हन या पर्यायी पावडरी दिसतात. ऑनलाइन मिळते, पण एक पौंड मागवला तर हॅझमॅटचं (धोकादायक मालाच्या वाहतुकीचं) शुल्क पावडरीच्या किमतीच्या वर जातं.

बंदूक .५० कॅलिबरची, ट्विस्ट १:६६ (नळीतले आटे ६६ इंचांत एक वेढा घेतात), गोळी .४९० इंच, पॅच (गोळीभोवतीचं कापड) .०१५ इंच. हरणासाठी ८० ग्रेन ३एफ, सरावालाही तेवढीच (ग्रेन हे पावडरीचं बारीक माप; एफचा आकडा जितका मोठा तितका दाणा बारीक). शिल्लक पाऊण पौंड ३एफ आणि ४ औंस ४एफ.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पर्यायी पावडर फ्लिंटलॉकमध्ये चालते का? आहे त्या पावडरीत हंगामाआधीचा सराव कसा बसवावा? आणि तिसरी, बऱ्याच जणांच्या मनात असणारी : सोरा, कोळसा, गंधक एवढंच तर लागतं, मग घरी का करू नये?


गजवाला :

तिसऱ्यापासून सुरुवात करतो. घरी करू नका, आणि कृती किंवा प्रमाण इथे कुणीही लिहू नये ही विनंती. नुसतं ‘धोक्याचं आहे’ म्हटल्याने कुणाचं समाधान होत नाही, म्हणून कारणं सविस्तर देतो.

तीन पदार्थ मिसळले की बंदुकीची पावडर झाली, हा समज चुकीचा आहे. मिसळलेली भुकटी आणि नळीत घालण्याजोगी पावडर यांत पीठ आणि भाकरीइतकं अंतर आहे. कारखान्यातली पावडर एकजीव झालेली, दाबलेली, चाळणीवर आकार ठरवलेली आणि दाणा घट्ट असलेली असते. आपण सगळे मापाने पावडर घेतो, वजनाने नाही. ५० च्या खुणेपर्यंत भरलेल्या मापात दर वेळी तितकीच ताकद बसते, कारण दाण्याची घनता आणि आकार ठरलेला असतो. दाणा सैल असेल तर त्याच मापात कमी पावडर मावते, आणि पुढच्या खेपेची घनता वेगळी निघाली तर तेच माप जास्त भरतं. म्हणजे माप वाचता येतं, पण त्याचा अर्थ उरत नाही. नळी बनवणाऱ्याने सांगितलेली कमाल मर्यादा कारखान्याच्या पावडरीवर बेतलेली असते, ती घरच्या पावडरीला लागू पडत नाही.

त्यातून मऊ दाणा पावडर ठेवायच्या शिंगात हलूनहलून भुगा होतो. भुगा आणि दाणा मिसळले की एक गोळी खाली, दुसरी वर. राळही, म्हणजे नळीत साचणारा जळका थर, जास्त. चांगल्या पावडरीचाही निम्म्याहून जास्त भाग जळल्यावर घन अवशेष म्हणून मागे राहतो. वाईट पावडरीत प्रत्येक गोळीनंतर नळी पुसूनही पुढची गोळी अर्ध्यात अडकते. अर्ध्यात अडकलेली गोळी तशीच उडवली तर नळीला कडं फुगतं, आणि ती नळी गेली.

आता जीवाचं. काळी पावडर बंद डब्यातच उडते असं नाही. मोकळ्या जागेतही ती डोळ्याचं पातं लवायच्या आत पेटते, आणि ठिणगी, घर्षण, स्थिर वीज यांपैकी काहीही पुरतं. डेलावेअरमध्ये विल्मिंग्टनजवळ ब्रँडीवाइन नदीकाठी ड्यू पाँटची गिरणी होती, १८०२ साली सुरू झालेली. ती जागा आज हॅग्ली संग्रहालय म्हणून बघता येते, फिलाडेल्फियाहून गाडीने तासाभराच्या आत. तिथल्या गिरणीघरांच्या तीन भिंती जाडजूड दगडी आहेत आणि नदीकडची बाजू मुद्दाम हलकी ठेवलेली. स्फोट झालाच तर तो नदीच्या अंगाला जावा, शेजारच्या इमारतीत नाही, म्हणून. १८०२ ते १९२१ या काळात तिथे २८८ स्फोट आणि २२८ मृत्यू नोंदले गेले. ती पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणारी माणसं होती. खिशात लोखंड नाही, बुटाला खिळा नाही, हा तिथला रोजचा नियम. आपल्या रायगडावरही दारूकोठार वाड्यापासून लांब, बारा टाक्यांच्या बाजूला आहे. ते कारण तेच. गॅरेजमध्ये वॉटर हीटरची ज्योत असते आणि वरच्या खोलीत मुलं झोपलेली असतात.

कायद्याचा मुद्दाही सगळे विसरतात. अमेरिकेच्या संघीय कायद्यात जुन्या पद्धतीच्या बंदुकांसाठी, खेळ, करमणूक किंवा सांस्कृतिक कारणाने, ५० पौंडांपर्यंत काळ्या पावडरीला सूट आहे. ती सूट व्यापारी उत्पादन असलेल्या पावडरीला आहे, शब्द तसाच आहे. घरची पावडर त्यात बसत नाही. मग स्फोटक साठवणुकीचे सगळे नियम लागतात : मान्य पद्धतीचं कोठार, घरांपासून अंतर, कुलूप. त्यावर राज्याचे, टाउनशिपचे नियम आणि घराच्या विम्याच्या अटी वेगळ्या.

टंचाई का आहे तेही माहीत असू द्या, म्हणजे वाट कुठे बघायची ते कळेल. अमेरिकेत बंदुकीची काळी पावडर करणारा मोठा कारखाना एकच, गोएक्सचा. तो आधी तुमच्याच राज्यात मूसिकला होता, नंतर लुइझियानात मिंडेनला गेला. सप्टेंबर २०२१ मध्ये मालक कंपनी हॉजडनने तो बंद करायचं जाहीर केलं आणि २०२२ मध्ये एस्टेसने विकत घेतला. एस्टेस म्हणजे मॉडेल रॉकेटवाले, त्यांच्या मोटारींनाही काळी पावडरच लागते. बाकी माल युरोपातून : स्विस पावडर स्वित्झर्लंडमधल्या ऑबोनची, शुट्झेन जर्मनीची. दोन्ही उत्तम. फक्त ‘गोएक्सच हवी’ म्हणून थांबू नका.

आणि एक पौंड कधीही मागवू नका. हॅझमॅटचं शुल्क पार्सलमागे असतं, पौंडामागे नाही. क्लबातल्या पाच-सहा जणांनी मिळून एक खोकं मागवलं की ते वाटलं जातं. माल आपापल्या मूळ डब्यांतच वाटून घ्यायचा, ओतून नाही. अमेरिकी पोस्टाने पाठवणं मना आहे, आणि विमानात तर चेक-इन बॅगेतही चालत नाही. सुट्टीला दुसऱ्या राज्यात गेलात आणि तिथे पावडर दिसली तरी परत येताना विमान असेल तर घेऊ नका.


चकमक_पीए :

गजवाला काका, समजलं. घरचा विषय माझ्याकडून बंद. मग पायरोडेक्सवर पूर्ण हंगाम काढता येईल का? बंदुकीच्या कानाजवळ, म्हणजे ठिणगी आत जायच्या छिद्रापाशी, ते पेटतच नाही असं ऐकलंय.


रंजकदाणी :

बरोबर ऐकलंय. पर्यायी पावडरी पेटायला काळ्या पावडरीपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते. म्हणूनच त्यांची वाहतूक आणि विक्री सोपी आहे आणि म्हणूनच त्या दुकानात सापडतात. जो गुण दुकानदाराला हवा, तोच फ्लिंटलॉकला नडतो. पॅनमधली (नळीबाहेरच्या छोट्या वाटीतली) ठिणगी आणि रंजकाची, म्हणजे त्या वाटीतल्या पावडरीची, झळ टच होलमधून, म्हणजे आपल्या जुन्या शब्दात बंदुकीच्या कानातून, आत जाते तेव्हा तिच्यात तेवढी धग उरत नाही.

पहिला नियम : पॅनमध्ये फक्त खरी काळी पावडर. पर्यायी पावडर रंजक म्हणून कधीच नाही.

दुसरा : नळीत पर्यायी पावडर घालायचीच असेल तर तळाशी आधी ५ ग्रेन खरी ३एफ, मग वरून पायरोडेक्स आरएस. हे ५ ग्रेन एकूण मापात मोजायचे. म्हणजे एकूण ५० हवं असेल तर ५ खरी आणि ४५ पायरोडेक्स, ५५ नव्हे. डब्यावरची आणि बंदुकीच्या पुस्तिकेतली कमाल मर्यादा ओलांडायची नाही. पुस्तिका पर्यायी पावडरीला नाही म्हणत असेल तर विषय संपला.

तुमच्या हिशोबाने बघा. एक पौंड म्हणजे ७००० ग्रेन. तळाशी ५ आणि पॅनमध्ये ४, असे एका गोळीला ९ ग्रेन खरी पावडर लागते. एका पौंडात ७७७ गोळ्या. हीच पद्धत टंचाईत लोकांना तारते.

चूक कुठे होते? पायरोडेक्स वजनाने मोजण्यात. तो काळ्या पावडरीपेक्षा हलका असतो आणि मापाने, म्हणजे आकारमानाने, बरोबरीचा धरलेला आहे. काळ्या पावडरीच्या मापात ५० च्या खुणेपर्यंत पायरोडेक्स भरायचा. तराजूवर ५० ग्रेन पायरोडेक्स तोललात तर नळीत बरंच जास्त जाईल.

ट्रिपल सेव्हन ताकदीला जास्त आहे. काळ्या पावडरीच्या मापाच्या सुमारे १५ टक्के कमी घ्यावं लागतं. शिवाय गोळी जिथे बसते तिथे काचेसारखं कडक कडं धरतं, त्यामुळे पुढची गोळी पूर्ण खाली जात नाही. फ्लिंटलॉकमध्ये मी ते सुचवणार नाही. ब्लॅकहॉर्न २०९ तर अजिबात नाही. ती २०९ प्रायमर (जोरदार पेटवणी) वापरणाऱ्या नव्या इनलाइन बंदुकीसाठी आहे, चकमकीने किंवा ११ नंबरच्या टोपीने (ठोक्याने पेटणाऱ्या छोट्या कॅपने) ती भरवशाने पेटत नाही.

एक वाक्य सगळ्यांत वर लिहायला हवं होतं, ते इथे लिहितो : नळीतून ठासायच्या बंदुकीत धूरविरहित (आजच्या काडतुसांतली) पावडर एक ग्रेनसुद्धा घालायची नाही. ती डब्यातही काळी-करडी दिसते, म्हणून डबे शेजारी ठेवू नका आणि ओळख न पटलेली पावडर वापरू नका. नळी फुटते, हात जातो.

पायरोडेक्स वापरलात तर बंदूक त्याच दिवशी धुवा. त्यात पर्क्लोरेट असतं आणि त्याच्या अवशेषाने गंज लवकर धरतो. नुसत्या तेलाचा बोळा फिरवून भागत नाही, आधी पाणी.

माझं मत विचाराल तर : सरावाला पायरोडेक्स, शिकारीला निखळ काळी पावडर. थंडीत, दमट हवेत आणि एकच संधी असताना पाव सेकंदाचा उशीरही नको. घरात टोपीची बंदूक असेल तर नेमाचा उन्हाळी सराव तिच्यावर करा, तिच्यात पायरोडेक्स सरळ चालतो.


वाडीवरून :

प्रश्न जरा आडवा आहे. आमच्याकडे सिंधुदुर्गात शेती संरक्षण परवान्यावर ठासणीच्या बंदुका आहेत, रानडुकरं आणि माकडं यांच्यासाठी. पावडर मिळायला इथेही त्रास. वर दिलेलं गणित आम्हाला लागू पडेल का?


गजवाला :

दादा, मापाचं आणि जपणुकीचं गणित कुठेही तेच. पण दोन फरक ठेवा. तिकडच्या बऱ्याच ठासणीच्या बंदुका गुळगुळीत नळीच्या असतात, छर्रे घालतात, आणि नळी किती जुनी आहे, कुठे वितळजोड आहे ते ठाऊक नसतं. आमचे आकडे नव्या, आटेवाल्या, चाचणी झालेल्या नळ्यांचे आहेत. ते आकडे तिथे वापरू नका, आधी बंदूक परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून तपासून घ्या. दुसरं, भारतात विनापरवाना पावडर करणं हा १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली गुन्हा आहे, तुमच्या बंदुकीचा परवाना असला तरी. पावडर परवानाधारक विक्रेत्याकडूनच, परवान्यावर नोंद करून. मिळत नसेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्रपरवाना शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. संपूर्ण वाडीचा एकत्र अर्ज असेल तर अडचण कागदावर दिसते.


नेम_नीट :

आता पुरवण्याचा भाग. इथे सर्वांत जास्त वाव आहे आणि लोक इथेच आळस करतात.

शिल्लक पाऊण पौंड ३एफ म्हणजे ५२५० ग्रेन. ८० च्या मापाने ६५ गोळ्या. ५० च्या मापाने १०५. एवढ्याने चाळीस गोळ्या वाढल्या. ४एफ चार औंस म्हणजे १७५० ग्रेन, पॅनमध्ये ३ ग्रेन धरले तर ५८० पेक्षा जास्त वेळा रंजक. म्हणजे रंजकाची चिंता नाही, ३एफ पूर्ण नळीसाठी ठेवा. (४एफ संपली तर ३एफही पॅनमध्ये चालते, किंचित हळू एवढंच. उलट मात्र नाही : ४एफ नळीत मुख्य भरणा म्हणून घालायची नाही, दाब वाढतो.)

५० यार्डांवर कागदाला भोक पाडायला ८० ग्रेन लागत नाहीत. .४९० ची गोळी सुमारे १७७ ग्रेन वजनाची, ती ४५-५० ग्रेनवरही सरळ जाते. पण तुमची नळी १:६६ आहे, हळू ट्विस्ट. अशा नळ्यांना कधीकधी जरा जास्त पावडर आवडते, आणि तुमची नळी काय मागते ते कागदच सांगेल. ४० पासून सुरू करा, ५-५ ग्रेनने वर जा, प्रत्येक पायरीला ५ गोळ्या, ५० यार्ड, टेकू घेऊन. ४०, ४५, ५०, ५५, ६० अशा पाच पायऱ्यांना मिळून १२५० ग्रेन लागतील. खर्च वाटतो, पण तो एकदाच. ज्या पायरीला गट घट्ट होतो तीच सरावाची. शिकारीचा ८० चा भरणा वेगळा ठेवा आणि त्याच्या पाच-सहा गोळ्याच उडवून गोळी लागण्याची जागा कुठे सरकते ते लिहून ठेवा. हा फरक माहीत नसेल तर सराव कमी भरण्यावर आणि शिकार जास्तवर, यात नेम वर जातो.

स्विस मिळाली तर १० टक्के कमी घेऊन सुरुवात करा, ती जोरकस आहे. २एफ मिळाली आणि ३एफ नाही, तर घ्या. ३एफच्या मापापेक्षा थोडी जास्त लागते, पण .५० ला २एफ पूर्ण चालते.

पावडर वाया कुठे जाते? तीन जागी. पहिली, पॅच. .०१५ चा पॅच आणि .४९० ची गोळी तुमच्या नळीत सैल असू शकते. उडवलेले पॅच जमिनीवरून उचलून पाहा, रेंजवर ते १०-१५ यार्डांच्या आत पडतात. चांगला पॅच मधे काळा गोल, कडेला पांढरा, फाटका नसलेला, पुन्हा वापरता येईल असा वाटतो. मधे जळून भोक असेल तर वायू गोळीला बाजूने ओलांडतोय. म्हणजे तुम्ही पावडर जाळताय आणि ती गोळीला ढकलत नाही. .०१८ चं गादीचं कापड घ्या. कडेने वेटोळं कापलेलं असेल तर नळीच्या तोंडाची धार जास्त आहे, ती बंदूकमेस्त्रीकडून गोल करून घ्या. घट्ट पॅचने तीच गोळी कमी पावडरीत तिथेच जाते.

दुसरी, गोळी ठासायच्या गजावर खूण नसणं. रिकाम्या नळीत गज टाकून तोंडापाशी एक खूण, ठरलेला भरणा नि गोळी बसवून दुसरी. दर गोळीला दुसरी खूण तोंडाशी जुळली पाहिजे. वर राहिली तर राळ आहे, पुसा. खाली गेली तर पावडर कमी किंवा विसरली. दर वेळी सारख्याच जोराने दाबा. दाण्यांचा भुगा होईल इतकं आपटू नका.

तिसरी, न पेटणं. दर फसलेल्या चापाला ३-४ ग्रेन रंजक आणि नेमाची एकाग्रता दोन्ही जातात. त्यामुळे लॉक (चाप ओढल्यावर ठिणगी पाडणारी यंत्रणा) दुरुस्त करणं ही पावडर वाचवण्याची पहिली पायरी आहे. चकमक चामड्यात धरा, जबड्यात हलता कामा नये. धार फ्रिझनला (चकमक जिच्यावर आपटते त्या पोलादी पट्टीला) पूर्ण रुंदीत समांतर असावी. अर्ध्या खटक्यावर ठेवून फ्रिझन बंद केल्यावर धारेला आणि फ्रिझनला साधारण १/१६ ते १/८ इंच अंतर. आघात फ्रिझनच्या वरच्या तिसऱ्या भागात पडून खाली घासत जावा. खालीच आपटत असेल तर चकमक उलटी करून पाहा, उतार वर-खाली बदलला की कोन बदलतो. अंधाऱ्या खोलीत, पॅन आणि नळी रिकामी असल्याची खात्री करून, ठिणग्या पाहा : पिवळ्या-पांढऱ्या, सळसळणाऱ्या आणि पॅनमध्ये पडून क्षणभर राहणाऱ्या हव्यात. तांबड्या आणि हवेतच विझणाऱ्या असतील तर धार बोथट किंवा फ्रिझन मऊ. फ्रिझन मऊ असेल तर पुन्हा पाणी द्यायला लागतं, ते काम मेस्त्रीचं.

टच होल १/१६ इंचाच्या आसपास असावं. दर काही गोळ्यांनी तारेने टोकरा. त्यात पावडर गच्च भरून ठेवू नका. भरलेला कान वातीसारखा जळत जातो आणि चाप ओढल्यापासून आवाजापर्यंत ‘फुस्स... धाड’ असा उशीर होतो. मोकळा कान झळ सरळ आत नेतो. पॅनही पूर्ण भरू नये, निम्मा पुरे.

आणि सगळ्यांत स्वस्त सराव, ज्याला एक ग्रेनही लागत नाही : चकमकीच्या जागी त्याच आकाराचा लाकडाचा तुकडा जबड्यात बसवा. चाप ओढा, कोंबडा (चकमक धरणारा हातोडा) पडू द्या, आवाजानंतर दोन सेकंद नेम तसाच धरून ठेवा. फ्लिंटलॉकमध्ये लोक चुकतात ते पॅनच्या भडक्याला डोळे मिटतात म्हणून, नळी वाईट म्हणून नाही. रोज पंधरा वेळा करा. त्यानंतरची पायरी : रिकामी नळी (गजाच्या पहिल्या खुणेने तपासून), फक्त पॅनमध्ये ३ ग्रेन, रेंजवर, चष्मा घालून. भडक्यातही निशाणी दिसत राहिली की मगच गोळी. या दोन सरावांनंतर ३० गोळ्यांत जे साधतं, ते एरवी शंभरात साधत नाही.


चकमक_पीए :

हे फार उपयोगी पडलं, पाची पायऱ्यांचं कागदावर मांडतो. एक राहिलं : एका ओळखीच्यांच्या तळघरात गोएक्सचा जुना पत्र्याचा डबा आहे, अर्धा. हलवला तर आत खडे वाजल्यासारखं वाटतं. वापरता येईल? आणि पावडर घालायला विसरून गोळी ठासली गेली तर ती काढताना पावडर न दवडता काय करावं?


रंजकदाणी :

कोरडी राहिलेली काळी पावडर अनेक दशकं टिकते, म्हणून वय हा प्रश्न नाही. प्रश्न दोन. डब्यात खरोखर तीच पावडर आहे का? मूळ डबा आहे हे पुरेसं नाही, कुणी रिकाम्या डब्यात दुसरं काही भरलेलं असू शकतं, धूरविरहितसुद्धा. आणि खडे वाजतात म्हणजे ओल लागून गोळे झालेत. ओल लागली की सोरा दाण्याबाहेर येतो, पृष्ठभागावर पांढरट दिसतो, आणि ती पावडर परत वाळवली तरी पूर्वीसारखी राहत नाही. गोळे फोडायला जाऊ नका. अर्ध्या पौंडासाठी हा जुगार नको. टाकून द्यायची असेल तर भरपूर पाण्यात, सोरा विरघळला की ती पावडर राहत नाही. ओल्या अवशेषाचं काय करायचं ते स्थानिक अग्निशमन दलाला विचारा. जाळायची नाही.

तुमची चांगली पावडर मूळ डब्यातच, कोरड्या जागी, लाकडी पेटीत, मुलांच्या हाताबाहेर. घट्ट बंद लोखंडी तिजोरीत ठेवू नका. आग लागली तर लाकडी पेटी फाटून दाब सोडते, तिजोरी दाब धरून ठेवते. शिंगातून किंवा डब्यातून थेट नळीत कधीही ओतू नका, नेहमी वेगळ्या मापातून. आत धुमसणारी राख असेल तर मापातली ५० ग्रेन भडकतील; शिंग हातात असेल तर अख्खं शिंग.


नेम_नीट :

पावडरीविना बसलेल्या गोळीबद्दल. आधी नळी सुरक्षित दिशेला, पॅन रिकामा. गजाची खूण बघून खात्री करा की खरंच पावडर नाही. मग टच होलचं लाइनर (छिद्रात बसवलेली पुंगळी) काढता येत असेल तर ते काढून, नाहीतर तारेने मोकळं करून, कानातून थोडी थोडी ४एफ आत झटका, ५ ग्रेनच्या आसपास. गजाने गोळी पुन्हा खाली पक्की टेकवा. ही पायरी चुकवू नका, कारण आत ढकललेल्या पावडरीने गोळी वर सरकलेली असू शकते. गज बाहेर काढा, रंजक घाला, मातीच्या बांधावर रोखून उडवा. गोळी हळू बाहेर पडते. रंजक धरून १०-१२ ग्रेनमध्ये काम होतं. रेंजवर कुणाकडे कार्बन डायऑक्साइडचा डिस्चार्जर असेल तर तो कानाला लावून दाबला की तेवढीही लागत नाही.

आणि चाप ओढला, भडका झाला, पण गोळी उडाली नाही, तर नळी निशाणाकडेच धरून किमान पूर्ण एक मिनिट थांबा. आत धुमसत असू शकतं. मग कान टोकरा, नवं रंजक, पुन्हा चाप. दोनदा फसलं तर समोरून डोकावू नका. कान टोकरून बघा की तारेला काळे दाणे लागतात का. लागत असतील तर पावडर आहे, कान कोंदलाय.

शिकारीच्या दिवशी पॅचला पाणीवाला किंवा थुंकीचा ओलावा नको. भरलेली बंदूक तासन्‌तास थंडीत राहते, ओलावा पावडरीत उतरतो, आणि डिसेंबरच्या पहाटे पाणी गोठतंही. मेण आणि बकऱ्याची चरबी एकत्र वितळवून पॅचला लावा. बर्फ पडत असेल तर लॉकवर चामड्याचं आवरण. रंजक दर तासाने काढून नवं घाला. ४एफ तुमच्याकडे त्यासाठी भरपूर आहे.